प्रोसिडिंग कोण लिहितं?

आमच्या कॉलेजात स्टाफ मीटिंगची सुरुवात ठरलेली होती. प्राचार्य येऊन बसले की कापडी बांधणीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या कामकाजाची वही, टेबलावरून सरकत एका मॅडमपर्यंत जायचं. त्यांनी ते उघडायचं, वर तारीख टाकायची, की सभा सुरू. बहुतेक वेळा ते सरकवणारा हात माझा असे, कारण मी प्राचार्यांच्या शेजारी बसायचो आणि नोकरीनं सगळ्यांत जुना होतो. 'मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. मॅडम सभेत फारशा बोलायच्या नाहीत. स्वभावच अबोल, असं आम्ही धरून चाललो होतो.

निवृत्तीच्या आधी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या, फायली लावताना जुनी प्रोसिडिंग बुकं काढली. नऊ वर्षं तेच अक्षर. मध्ये फक्त सहा महिने वेगळं. चौकशी केली तर तेव्हा त्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, आणि ते दुसरं अक्षरही दुसऱ्या मॅडमचंच निघालं. विभागात तेव्हा आम्ही सात पुरुष होतो. सातही जणांना लिहिता येत होतं, सगळे पीएच.डी.वालेच.

कॉलेज साताऱ्यातलं, नाव सांगत नाही, आणि सांगून फरकही पडणार नाही. कऱ्हाड, सांगली, मिरज, वाई, कुठेही स्टाफरूममध्ये जाऊन विचारा, वह्यांमध्ये असंच निघेल. स्त्री-पुरुष समानता म्हटलं की आपल्या कॉलेजांत ८ मार्चचं व्याख्यान आठवतं, फार तर नॅकच्या सातव्या क्रायटेरियासाठी काढलेले फोटो. सातव्या क्रायटेरियात लिंगसमानतेचा मुद्दा आहे, म्हणून त्या फायलीत रांगोळी स्पर्धेचे फोटो लावलेले मी पाहिलेत. ते राहू दे. ज्याच्या हातात वेळापत्रक आहे, ज्याच्या सहीनं रजा मंजूर होते, ज्याला विद्यापीठातून फोन येतो, अशा ज्येष्ठ प्राध्यापकाला आपल्या सहकारी बायकांसाठी नेमकं काय करता येतं, एवढंच इथे सांगायचं आहे.

आकडा एकच सांगतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातल्या कॉलेज-विद्यापीठांत १०० पुरुष शिक्षकांमागे ७७ स्त्री शिक्षक आहेत. म्हणजे दारातून आत येण्यात आता फार मोठी दरी उरलेली नाही. अडतं ते आत आल्यावर, पायऱ्या चढताना.

मोजलं जाणारं काम आणि उरलेलं काम

प्राध्यापकाची बढती, आपल्याकडच्या बोलीत 'प्लेसमेंट', ही 'कॅस' नावाच्या योजनेतून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत त्याचा तक्ता आहे. पहिला निकष शिकवण्याचा: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा जास्त घेतले तर 'चांगला' शेरा. दुसरा निकष कॉलेजच्या कामांचा, आणि त्यासाठी यादी दिलेली आहे. विभागप्रमुख किंवा समन्वयक अशी प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचं काम, विद्यार्थ्यांचे उपक्रम आणि एन.एस.एस., परिषद भरवणं, पीएच.डी.चं मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, आणि प्रसिद्ध झालेला शोधनिबंध. यातली तीन कामं असली की 'चांगला'. प्रोफेसर व्हायचं तर पुढे किमान १० शोधनिबंध आणि ११० चा संशोधन गुणांक लागतो.

आता ही यादी समोर ठेवून आपल्या कॉलेजातली समित्यांची यादी काढा. स्नेहसंमेलन, विद्यार्थिनी मंच, सहल, सांस्कृतिक समिती, या सगळ्यांना तक्त्यात मिळून एकच कलम आहे. चार समित्यांवर राबलेल्या मॅडमच्या खात्यावर कलम एकच पडतं. आणि प्रोसिडिंग लिहिणं, पाहुण्यांचं औक्षण, सूत्रसंचालन, निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणं, रडत आलेल्या मुलीला तासभर घेऊन बसणं, यांना तर कलमच नाही. ही कामं झाली नाहीत तर कॉलेज चालणार नाही, झाली तर कुणाच्या ध्यानात येणार नाही. घरातल्या स्वयंपाकाची जी गत, तीच.

या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधल्या पोरांच्या पोटात घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ती गोष्ट इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असते. पण रोजच्या रोज भाकऱ्या कुणी थापल्या आणि आजारी पोराच्या उशाला कोण बसलं, ते कुठल्या दप्तरात लिहून ठेवलेलं नसतं.

'बायका स्वतःहून पुढे येतात' असं एक उत्तर मला नेहमी मिळतं. येतात, हे खरं आहे. पण का येतात, हे अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी एका साध्या खेळातून तपासलं. त्यांचा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिघातिघांचे गट केले. दोन मिनिटांत तिघांपैकी एकानं संगणकावर बटण दाबायचं. दाबलं की सगळ्यांना पैसे मिळणार, पण दाबणाऱ्याला इतर दोघांपेक्षा कमी. कुणीच दाबलं नाही तर तिघांनाही अगदीच थोडे. म्हणजे आपल्या मीटिंगसारखंच: कुणीतरी करायला हवं, पण मी नको. स्त्री-पुरुष मिसळून असलेल्या गटांत बायकांनी पुरुषांच्या सुमारे दीडपट वेळा बटण दाबलं. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. गटात फक्त पुरुष असले तर? तेव्हा पुरुषांनी निमूटपणे बटण दाबलं, नुसत्या बायकांच्या गटाइतकंच. म्हणजे बायकांना हौस असते असं काही नाही. बाई खोलीत असली की ती करेल असं सगळे गृहीत धरतात, आणि तीही ते जाणून असते.

म्हणून ज्येष्ठानं करायची पहिली गोष्ट अगदी किरकोळ आहे: 'कोण करतंय?' असं विचारायचं नाही. पाळी लावायची. मस्टरवर ज्या क्रमानं नावं आहेत त्या क्रमानं प्रोसिडिंग फिरवायचं, पाहुण्यांची व्यवस्थाही तशीच. आणि जूनमध्ये समित्या वाटताना प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने आखायचे: तक्त्यात मोजलं जाणारं काम किती, न मोजलं जाणारं किती. मी आमच्या विभागाचा असा कागद केला तेव्हा दुसऱ्या रकान्यात माझ्या नावापुढे काहीच नव्हतं.

यातली एक गुंतागुंत मात्र लक्षात ठेवायला हवी. कायद्यानंच काही समित्यांवर बायका हव्यात. महाविद्यालय विकास समितीवर निवडून जाणाऱ्या तीन शिक्षकांत किमान एक स्त्री, अंतर्गत तक्रार समितीत निम्म्या तरी स्त्रिया आणि अध्यक्षही स्त्रीच. योग्यच आहे. पण ज्या कॉलेजात कायम नोकरीतल्या मॅडमच चार आहेत, तिथे त्या चौघीच सगळीकडे फिरत राहतात. अशा वेळी त्यांना बाकीच्या समित्यांतून मोकळं करणं हे प्राचार्यांचं काम आहे. त्यांनी मागेपर्यंत थांबू नये.

शब्द टाकणं

ज्येष्ठ माणसाकडे द्यायला दोन गोष्टी असतात, सल्ला आणि शब्द. सल्ला मी भरपूर वाटला. 'पेपर लिहा', 'रिफ्रेशर उरकून घ्या', 'पीएच.डी. लांबवू नका'. सल्ल्याला काही पडत नाही. शब्द टाकला की मात्र आपली पत पणाला लागते, म्हणून तो आपण जपून वापरतो, आणि वापरतो तेव्हा तो नकळत आपल्यासारख्याच माणसासाठी वापरतो.

हे होतं कसं ते सांगतो. कोल्हापूरहून, विद्यापीठातून फोन येतो: 'सर, पेपर सेटिंगला एक नाव सुचवा', किंवा 'कार्यशाळेला साधनव्यक्ती हवी'. आपण जे पहिलं आठवेल ते नाव सांगतो. आता पहिलं कोण आठवतं? ज्याच्याबरोबर आदल्या संध्याकाळी पोवई नाक्यावर चहा प्यायलो तो. आमच्या विभागाचे निम्मे निर्णय त्या चहावर होत असत, मीटिंगमध्ये नुसते वाचून दाखवायचे. शेवटचा तास संपला की मॅडम लोक एस.टी. गाठायला स्टँडकडे, आणि आम्ही नाक्यावर. त्यांना कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. कुणाच्या मनातसुद्धा ते आलं नव्हतं, आणि घोळ तिथेच होता.

यावर मला सापडलेला उपाय डायरीच्या शेवटच्या पानाचा. विभागातल्या आणि शेजारच्या कॉलेजांतल्या स्त्री सहकाऱ्यांची नावं, प्रत्येकीचा नेमका विषय, अलीकडचं एखादं काम. फोन आला की आठवायचं नाही, पान उघडून वाचायचं. पहिल्या वर्षीच मला कळलं की ज्यांच्या शेजारच्या वर्गात मी बारा वर्षं शिकवत होतो, त्या मॅडमनी नेमकं कशावर संशोधन केलंय हे मला सांगता येत नव्हतं.

ज्येष्ठाच्या शब्दाचं वजन काय असतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, कामाचा दर्जा पटला तरच मान्यता. वर्षभर काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. एका माणसानं 'नाही' म्हटलं आणि दार बंद, त्याच माणसानं 'हो' म्हटलं आणि दार उघडं. मधल्या वर्षभराची शिक्षा मात्र कमलाबाईंनी भोगली. रामन यांचं त्यात काही गेलं नाही.

शिफारसपत्रंही शब्दच असतात. माझ्या संगणकातली जुनी पत्रं एकदा सलग वाचली. पुरुष सहकाऱ्यांसाठी मी लिहिलं होतं: 'अभ्यासू', 'विषयावर पकड', 'स्वतंत्र विचाराचा'. मॅडमसाठी: 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'दिलेलं काम वेळेत करतात'. खोटं एकही अक्षर नाही. पण निवड समितीत बसलेला माणूस 'मनमिळाऊ' वाचून प्रोफेसर नेमत नाही. आता मी पत्र लिहून झालं की नावाच्या जागी एखाद्या पुरुषाचं नाव घालून वाचतो. 'श्री. अमुकतमुक मनमिळाऊ आहेत' हे वाचताना हसू आलं, की वाक्य बदलायचं.

हा दोष फक्त पुरुषांचा आहे असंही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठीचा एकच अर्ज विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांकडे पाठवला. काहींकडे जॉन नावानं, काहींकडे जेनिफर नावानं. बाकी अक्षरही वेगळं नाही. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला: वर्षाला सुमारे ३०,००० डॉलर, जेनिफरला सुमारे २६,५००. असं करणाऱ्यांत स्त्री प्राध्यापक आणि पुरुष प्राध्यापक दोघेही सारखेच होते.

आणि ते निमंत्रणपत्रिकेवरचं 'प्रा. डॉ. सौ.'. काही मॅडमना ते हवं असतं, त्यांनी जरूर लावावं. पण विचारल्याशिवाय छापू नये. आमच्या नावाआधी आमचं लग्न झाल्याची नोंद आजवर कुणी छापलेली नाही. स्टेजवरून तर 'डॉक्टर अमुक सर आणि आपल्या लाडक्या मॅडम' अशी ओळख मी स्वतः ऐकली आहे. मॅडमही डॉक्टरच होत्या.

काळजीपोटी

ही चूक सगळ्यांत जास्त मी केली, आणि सगळ्यांत चांगल्या मनानं केली.

आमच्याकडे एक तरुण सहकारी होत्या, रोज कऱ्हाडहून येऊन-जाऊन करायच्या. एकदा विद्यापीठातून विचारणा झाली, एका महत्त्वाच्या समितीसाठी त्यांचं नाव चालेल का. महिन्याला दोन-तीन वेळा कोल्हापूर. मी फोनवरच म्हणालो, 'राहू दे, त्यांचं बाळ लहान आहे. पुढच्या वेळी बघू.' फोन ठेवताना आपण त्यांच्यावर उपकार केले असं मला वाटलं. पुढची वेळ आलीच नाही. दोन वर्षांनी त्यांना हे दुसरीकडून कळलं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'सर, मला एकदा विचारायचं तरी. कोल्हापूर मला साताऱ्यापेक्षा फार लांब नाही पडत, आणि माझं माहेर आहे तिथे.'

मुक्कामाची अभ्यास सहल, उशिरापर्यंत चालणारं परीक्षेचं काम, बाहेरगावची परिषद, यांतून मॅडमना वगळताना आपल्या तोंडी नेहमी काळजीच असते. पण निर्णय त्यांचा असतो, तो आपण घेऊन टाकतो. उलट बाजूनं, विचारलं आणि त्या 'नको' म्हणाल्या तर 'बघा, मॅडमच नाही म्हणतात' म्हणून विषय मिटवतो. एखादी नाही म्हणते तेव्हा कशाला नाही म्हणते ते विचारावं. बरेचदा अडचण वेळेची असते. पाचला सुरू होणारी मीटिंग तीनला घेतली की कोरेगाव-रहिमतपूरकडे जाणाऱ्या दोघी मोकळेपणानं बोलायला लागतात. घड्याळाकडे बघत बसलेलं माणूस चर्चेत नसतं.

रजेचे नियम तर ज्येष्ठांनी तोंडपाठ ठेवावेत, कारण कार्यालयात विचारलं तर 'तसं काही नसतं मॅडम' हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. २०१८ च्या नियमावलीत त्या तक्त्याखालीच टीप आहे: प्रसूती रजा, बालसंगोपन रजा अशा पगारी रजांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळावरून हिशेब करून तो पूर्ण कालावधीला लावायचा, आणि मंजूर रजेमुळे बढतीत तोटा होऊ द्यायचा नाही. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत स्त्री संशोधकांना प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते, आणि मुदतीत इतरांपेक्षा दोन वर्षांची जादा सवलत, एकूण दहा वर्षांपर्यंत. मार्गदर्शकानं पहिल्याच दिवशी हे सांगून टाकावं. 'लग्न ठरलंय का?' हा प्रश्न मुलाखतीत विचारण्याऐवजी ही माहिती द्यावी. वेळ तेवढाच लागतो.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीवरच्या मॅडमना यातलं फारसं काहीच लागू होत नाही, हे मान्यच करायला हवं. तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. त्यांना रजा देणं विभागप्रमुखाच्या हातात नाही. पण बाळंतपणानंतरच्या सत्रात त्यांचं नाव यादीतून आपोआप गळू न देणं, आणि वेळापत्रकात त्यांचे तास सकाळी एक, दुपारी एक असे न विखुरणं, हे नक्की आहे.

तक्रार आली तर

हे थोडक्यात, पण ठामपणे सांगतो. लैंगिक छळाची तक्रार घेऊन कुणी सहकारी किंवा विद्यार्थिनी ज्येष्ठांकडे आली, की ज्येष्ठांचा हात आपोआप 'मिटवून टाकू' कडे जातो. त्याला बोलावतो, समज देतो, कॉलेजचं नाव आहे, त्याच्या घरी मुलंबाळं आहेत. हे आपलं काम नाही. २०१३ च्या कायद्यानं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती दिली आहे. कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या माणसांना तिचं सदस्य होता येत नाही, ते याचसाठी. लेखी तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने असते. आपण 'बघतो, बोलतो' करत दोन महिने घालवले तर तिच्याकडे एकच उरतो. ऐकून घ्यायचं, समितीत कोण आहे ते सांगायचं, लिहायला मदत हवी असेल तर तिला विश्वास वाटेल अशा कुणाला तरी सोबत द्यायचं. आणि नंतर स्टाफरूममध्ये त्यावर कुजबुज सुरू झाली की तिथे बसून चहा प्यायचा नाही.

३ जानेवारीला खंडाळा तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाईंच्या जन्मगावी गर्दी होते, आणि आमच्या कॉलेजातही कार्यक्रम. माझ्या शेवटच्या वर्षी त्या कार्यक्रमाच्या तयारीची मीटिंग होती. मस्टरप्रमाणे प्रोसिडिंगची पाळी माझी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते बुक माझ्यासमोर आलं. माझं अक्षर कुणालाच लागत नाही, तरी लिहू लागलो. वक्ता कुणाला बोलवायचं यावर चर्चा चालली होती. एरवी अबोल असणाऱ्या मॅडम बोलत होत्या, एक नाव सुचवत होत्या, त्यावर दोघं-तिघं वाद घालत होते. माझ्या मनात एक वेगळं नाव होतं, चांगलं होतं. 'ठराव क्र. ३' खाली सूचक-अनुमोदक लिहून मी मान वर केली, तोंड उघडलं, तोवर सभा मंडपाच्या खर्चावर गेली होती.